कनेक्शन कोणाच्या हातात?

पायथनमधली एखादी साधी स्क्रिप्ट घ्या. वरच्या चार-पाच ओळींत सर्व्हरशी कनेक्शन जोडलेलं असतं, खाली एक लूप असतो, आणि यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी एक प्रश्न पाठवून एक उत्तर घेतलं जातं. यादी पन्नास नोंदींची असते तोवर कोणाची तक्रार नसते. ती पाच हजारांवर गेली की स्क्रिप्ट तासन्‌तास चालते, आणि त्यातला बहुतेक वेळ ती नुसती उत्तराची वाट पाहत असते. मग लूपच्या जागी थ्रेडपूल येतो. पायथनच्या ३.२ आवृत्तीपासून ही सोय भाषेबरोबरच मिळते आणि बदल जेमतेम तीन ओळींचा असतो. वर जोडलेलं कनेक्शन मात्र तिथेच राहतं, एकच, आणि दहा-वीस थ्रेड ते एकदम वापरू लागतात.

पुढे काय होतं, हे लायब्ररीगणिक बदलतं. कुठे सगळं सुरळीत चालतं. कुठे पहिल्याच सेकंदाला एरर येते. कुठे स्क्रिप्ट मध्येच लटकते. आणि कुठे ती शेवटपर्यंत बिनतक्रार चालते, पण एका नोंदीपुढे दुसऱ्याच नोंदीचं उत्तर लिहिलेलं असतं. हा चौथा प्रकार सर्वांत घातक आहे, कारण तो कळतच नाही. ‘हे ऑब्जेक्ट थ्रेड-सेफ आहे का?’ असा प्रश्न सगळे विचारतात. पण या चौथ्या प्रकारापुढे तो अपुरा पडतो. असं का, हे समजायला अगदी तळापासून वर यावं लागतं.

तळाशी सॉकेट आहे. आज आपण वापरतो ती सॉकेटची रचना १९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर आली. थ्रेडचं पोझिक्स प्रमाण आलं १९९५ साली. म्हणजे सॉकेट जन्मलं तेव्हा ‘वाटून घेणं’ याचा अर्थ एका प्रोसेसने दुसरीला जन्म देऊन उघडी डिस्क्रिप्टर तिच्याकडे सोपवणं एवढाच होता. एकाच प्रोसेसमधल्या वीस थ्रेडनी एकाच सॉकेटवर तुटून पडावं, हा विचार त्या रचनेत नव्हता. तरी कर्नल स्वतःची काळजी घेतो: सॉकेटच्या आतल्या नोंदी तो लॉक लावून सांभाळतो, त्यामुळे दोन थ्रेड एकदम लिहू लागले म्हणून मशीन कोसळत नाही. मात्र तुमच्या संदेशाची काळजी तो घेत नाही, कारण संदेश म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसतं. टीसीपी बाइटांचा सलग प्रवाह वाहून नेतो. एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला याची खूण त्या प्रवाहात नसते.

लिहिताना याचा परिणाम असा होतो. ‘सेंड’ला दिलेले सगळे बाइट एका दमात जातीलच असं नाही, जेवढे गेले त्याचा आकडा परत मिळतो. पायथनचं ‘सेंडऑल’ म्हणजे उरलेले बाइट संपेपर्यंत तीच हाक पुन्हा पुन्हा मारणं. दोन हाकांच्या मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडचे बाइट शिरू शकतात. लिनक्समध्ये तर एकाच मोठ्या ‘सेंड’च्या पोटातही हे घडू शकतं: पाठवायचा बफर भरला की कर्नल जागा होण्याची वाट पाहतो आणि तेवढ्यापुरतं सॉकेटवरचं लॉक सोडतो. बफरमध्ये मावणारे छोटे संदेश बहुधा अखंड जातात. म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर, छोट्या नमुन्यावर, जवळच्या सर्व्हरशी केलेली चाचणी पास होते. आणि खरं काम सुरू होऊन संदेश मोठे झाले, पलीकडचा सर्व्हर मंदावला, की सरमिसळ सुरू होते.

वाचण्याची बाजू याहून वाईट. दोन थ्रेड एकाच सॉकेटवर वाचायला बसले तर आलेले बाइट ज्याच्या हाती लागतील त्याचे. लांबी सांगणारे पहिले चार बाइट एकाने उचलले आणि पुढचा मजकूर दुसऱ्याने, तर दुसरा थ्रेड मजकुराच्या पहिल्या चार अक्षरांनाच लांबी समजतो आणि कधीच न येणाऱ्या कोट्यवधी बाइटांची वाट पाहत बसतो. स्क्रिप्ट लटकण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

पायथनवाल्यांचा इथे एक भ्रम असतो: जीआयएल हे पायथनचं आतलं कुलूप आहे, त्यामुळे एका वेळी एकच थ्रेड चालतो, मग भीती कसली? पण नेटवर्कच्या प्रत्येक थांबणाऱ्या हाकेपूर्वी पायथन ते कुलूप सोडून देतं. सोडायलाच हवं, नाहीतर थ्रेड घेण्याचा उपयोगच उरणार नाही. म्हणजे कनेक्शनला संरक्षण हवं असतं नेमक्या त्याच क्षणी जीआयएल बाजूला झालेलं असतं.

गो भाषेने या पातळीवर स्पष्ट वचन दिलं आहे. तिच्या कनेक्शनच्या पद्धती अनेक गोरूटीन एकदम वापरू शकतात असं दस्तऐवजात लिहिलेलं आहे, आणि एका लेखनाच्या हाकेत दिलेले बाइट दुसऱ्याच्या हाकेत मिसळू नयेत म्हणून आत लॉकही आहे. हे चांगलंच आहे. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण बाइट शाबूत राहणं आणि संभाषण शाबूत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ईमेल पाठवणाऱ्या एसएमटीपीचंच पाहा. पाठवणारा कोण ही एक आज्ञा, मग प्रत्येक घेणाऱ्यासाठी एकेक आज्ञा, मग मजकूर. दोन थ्रेडनी एकच कनेक्शन वापरलं आणि प्रत्येक आज्ञा लॉकखाली पाठवली, तरी एकाच्या पत्रासाठी दिलेला पत्ता दुसऱ्याच्या पत्राला चिकटू शकतो. प्रत्येक बाइट बरोबर, प्रत्येक आज्ञा बरोबर, आणि पत्र भलत्याच्या पेटीत. एफटीपीमध्ये एक थ्रेड फोल्डर बदलतो आणि दुसरा त्या नव्या फोल्डरमधून त्याच नावाची वेगळीच फाइल उतरवतो. एचटीटीपीमध्ये प्रत्येक विनंती सुटी असते असं आपण धरून चालतो. पण रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या एकाच सेशनमधून दोन वापरकर्त्यांची लॉगिन केली तर कुकींची बरणी दोघांची एकच. आतला कनेक्शनचा पूल थ्रेड-सेफ आहे, तो आपलं काम चोख करतो. तरी एकाची ओळख दुसऱ्याच्या विनंतीवर जाऊ शकते.

डेटाबेसमध्ये हा पेच सर्वांत ठळक दिसतो, आणि पायथनच्या जगात त्यावर सर्वांत शिस्तीने विचारही तिथेच झाला आहे. पायथनमधल्या डेटाबेस लायब्ररींचं प्रमाण पेप २४९ मध्ये आहे. त्यानुसार प्रत्येक लायब्ररीला ‘थ्रेडसेफ्टी’ नावाचा एक आकडा जाहीर करावा लागतो. शून्य म्हणजे थ्रेडनी लायब्ररीही वाटून घेऊ नये. एक म्हणजे लायब्ररी वाटा, कनेक्शन नको. दोन म्हणजे कनेक्शनही चालेल. तीन म्हणजे कर्सरसुद्धा. मायएसक्यूएलसाठीची पायमायएसक्यूएल एकवर आहे, पोस्टग्रेससाठीची सायकोपीजी२ दोनवर. एका आकड्यात इतकं सांगणारी ही सोय मला फार मोलाची वाटते. इतर क्षेत्रांतल्या लायब्ररींनीही ती उचलायला हवी होती.

पण त्या दोनचा अर्थ नीट वाचायला हवा. सायकोपीजी२चं एकच कनेक्शन दहा थ्रेडना दिलं तर लायब्ररी त्यांच्या आज्ञा एकामागून एक रांगेत सोडते, काही तुटत नाही. मात्र ते दहाही थ्रेड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतात. तिसऱ्या थ्रेडच्या आज्ञेत चूक झाली की पोस्टग्रेस ते अख्खं ट्रान्झॅक्शन बाद ठरवतं आणि उरलेल्या नऊ थ्रेडच्या निर्दोष आज्ञाही नाकारू लागतं. तिसऱ्याने रोलबॅक केलं की सातव्याने नुकतीच भरलेली नोंद नाहीशी होते. सातव्या थ्रेडला याचा पत्ता नसतो. त्याच्यापुरतं काम यशस्वी झालेलं असतं. लायब्ररीने ‘सुरक्षित’ म्हटलं होतं ते ऑब्जेक्टला. आपण ते आपल्या कामाला लागू करतो.

आता तो चौथा, मुका प्रकार. तो कसा घडतो ते पिठाच्या गिरणीवरून चटकन समजेल. चिठ्ठी न लावलेले डबे रांगेत ठेवलेत आणि ज्या क्रमाने डबे आले त्या क्रमाने पीठ परत मिळतंय. रांगेतला एक जण पीठ न घेता निघून गेला. त्याच्या मागच्याने ‘पुढचं पीठ माझं’ म्हणून पहिल्याचं पीठ उचललं, त्याच्या मागच्याने त्याचं, आणि तिथून पुढे प्रत्येक घरी दुसऱ्याचं पीठ गेलं. एचटीटीपी १.१, रेडिस आणि असे बरेच प्रोटोकॉल याच क्रमाच्या भरवशावर चालतात: उत्तरावर प्रश्नाचा क्रमांक नसतो. एका थ्रेडने टाइमआउट होऊन वाचणं सोडलं आणि ते कनेक्शन दुसऱ्याने घेतलं, की उशिरा आलेलं पहिलं उत्तर दुसऱ्याच्या ओंजळीत पडतं.

हे नुसतं तर्काने मांडलेलं भय नाही. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी काही काळ बंद ठेवावं लागलं ते याच जातीच्या दोषामुळे. तिथे थ्रेड नव्हते, असिंकआयओची कामं होती. पण रेडिसच्या पायथन लायब्ररीतला कनेक्शनचा पूल सर्वांचा एक होता. विनंती पाठवल्यावर आणि उत्तर वाचण्याआधी काम रद्द झालं, तर ते कनेक्शन न वाचलेल्या उत्तरासकट पूलमध्ये परत जात होतं. त्याच दिवशी सर्व्हरवर केलेल्या एका बदलामुळे विनंत्या रद्द होण्याचं प्रमाण वाढलं, आणि काही लोकांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली. कंपनीने नंतर जाहीर केलं की नऊ तासांच्या एका विशिष्ट काळात सक्रिय असलेल्या प्लस ग्राहकांपैकी १.२ टक्क्यांची पैशांच्या भरण्याशी संबंधित माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता होती. नाव, ईमेल, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार अंक. माहितीचा प्रकार जुळत नसता तर बहुतेक वेळा एरर आली असती. इथे तो जुळला, म्हणून चुकीचं उत्तर बरोबर समजून दाखवलं गेलं.

या पार्श्वभूमीवर ज्या लायब्ररी लगेच ओरडतात त्यांचे आभारच मानायला हवेत. मायएसक्यूएलच्या प्रत्येक पॅकेटवर तीन बाइट लांबीचे आणि एक बाइट क्रमांकाचा असतो. दोन थ्रेड एका कनेक्शनवर भिडले की हा क्रमांक चुकतो आणि पायमायएसक्यूएल तिथेच थांबते. पायथनच्या एचटीटीपी क्लायंटमध्ये आधीचं उत्तर न वाचता दुसरी विनंती पाठवू गेलं तर अपवाद उठतो. पोस्टग्रेससाठीची असिंकपीजी स्पष्ट सांगते की दुसरं काम चालू आहे. अशा एररना वैतागून त्यांच्याभोवती ‘पुन्हा प्रयत्न करा’चं वेटोळं घालणारा कोड दिसतो. ती एरर म्हणजे डिझाइनमधल्या चुकीची वर्दी असते. पुन्हा प्रयत्न करून ती फक्त विरळ होते.

टीएलएस आलं की गणित आणखी कडक होतं. साध्या सॉकेटवर एक थ्रेड वाचतो आणि दुसरा लिहितो ही वाटणी चालते, कारण दोन्ही दिशा स्वतंत्र असतात. हीच सवय टीएलएसमध्ये नेली की फसगत. ओपनएसएसएलमध्ये संदर्भ-ऑब्जेक्ट अनेक थ्रेडना वाटता येतं. पण एका जोडणीचं ऑब्जेक्ट दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरायचं नाही, एकाने वाचायला आणि दुसऱ्याने लिहायला घेतलं तरीही. वाचता वाचता आतून लिहिण्याची गरज पडू शकते, उदाहरणार्थ किल्ली बदलताना. शिवाय प्रत्येक रेकॉर्डचा क्रमांक सांकेतिकरणात गुंतलेला असतो. तो दोघांनी एकदम वाढवला की पलीकडची बाजू रेकॉर्ड खोटं समजून जोडणी तोडते. फोर्क करून बनवलेल्या प्रोसेसमध्ये तर त्याच किल्ल्या आणि तेच क्रमांक घेतलेल्या दोन प्रती तयार होतात. कामगार प्रोसेस जन्माला येण्यापूर्वी जोडलेली कनेक्शनं त्यांच्यात वापरू नयेत, असा नियम त्यामुळेच आहे.

मला या सगळ्यात कनेक्शन बंद करण्याचा भाग सर्वांत दुर्लक्षित वाटतो. युनिक्समध्ये डिस्क्रिप्टर म्हणजे एक छोटा पूर्णांक, आणि नवं काही उघडलं की उपलब्ध असलेला सर्वांत लहान आकडा द्यायचा, असा पोझिक्सचा नियम आहे. आता पाहा: एक थ्रेड क्रमांक ७ वर लिहिण्याच्या बेतात आहे, आकडा त्याने हातात घेतला आहे. तेवढ्यात दुसरा ते कनेक्शन बंद करतो. तिसरा थ्रेड हिशोबाची फाइल उघडतो. त्याला मिळतो रिकामा झालेला ७. पहिला थ्रेड लिहितो, आणि नेटवर्कवर जायचे बाइट हिशोबाच्या फाइलमध्ये उतरतात. कुठलीही एरर नाही. याच्या उलट बाजूचा घोळही आहे: लिनक्सवर एक थ्रेड वाचत अडकलेला असताना दुसऱ्याने ‘क्लोज’ केलं तर अडकलेला थ्रेड जागा होईल याची खात्री नाही. त्याला उठवायचं तर आधी ‘शटडाउन’ करावं लागतं, मग त्या थ्रेडची अखेर होऊ द्यावी लागते, आणि बंद करणं सर्वांत शेवटी. हा क्रम फार थोड्या स्क्रिप्टमध्ये पाळलेला दिसतो.

मग मार्ग कोणते? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतःचं कनेक्शन. पायथनमध्ये थ्रेड-लोकल जागेत ते ठेवता येतं. किंमत जोडण्याच्या वेळेची: टीसीपीसाठी एक फेरी, त्यावर टीएलएस १.३ असेल तर आणखी एक, १.२ असेल तर दोन. सर्व्हर सातासमुद्रापार असेल तर एकेका फेरीला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, पण दर थ्रेडमागे हा खर्च एकदाच आहे. दुसरी मर्यादा सर्व्हरच्या बाजूची. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन घेतं आणि प्रत्येकाला वेगळी प्रोसेस देतं. मायएसक्यूएलचा मूळ आकडा १५१ आहे. वीस थ्रेडच्या स्क्रिप्टला हे पुरून उरतं. म्हणून छोट्या स्क्रिप्टसाठी मी हाच मार्ग सुचवेन; त्यात विचार करावा लागतो तो कमीत कमी.

लॉकचा मार्ग लोकप्रिय आहे आणि बहुधा अर्धवट वापरला जातो. लिहिण्यावर एक लॉक आणि वाचण्यावर दुसरं लावून काही साधत नाही. लॉक अख्ख्या देवाणघेवाणीवर हवं, प्रश्न पाठवण्यापासून उत्तराचा शेवटचा बाइट वाचेपर्यंत. ट्रान्झॅक्शन असेल तर कमिटपर्यंत. तसं केलं की कनेक्शन सुरक्षित होतं, पण वाट पाहणं पुन्हा एकामागून एक सुरू होतं, आणि ते टाळण्यासाठीच तर थ्रेड आणले होते. उत्तरावर पुढे जड प्रक्रिया करायची असेल, तरच हे परवडतं.

पूल हा मधला मार्ग. इथे वाटून घेतला जातो तो पूल. कनेक्शन एका वेळी एकाच्याच ताब्यात असतं. रेडिस-पायचं क्लायंट ऑब्जेक्ट थ्रेडना देता येतं ते याचमुळे, आणि त्याच लायब्ररीचे पाइपलाइन व पबसब ऑब्जेक्ट देता येत नाहीत, कारण ते एका संभाषणाची स्थिती धरून असतात. पूलचं मर्म परत करण्याच्या क्षणात आहे. संभाषण पूर्ण झालं असेल तरच कनेक्शन परत ठेवायचं. टाइमआउट झाला, अपवाद उठला, काम रद्द झालं, तर ते बंद करून टाकायचं, कितीही महाग असलं तरी. चॅटजीपीटीच्या घटनेत चुकली ती हीच पायरी.

आणखी एक जुना आणि भरवशाचा मार्ग: कनेक्शन एकाच थ्रेडच्या मालकीचं ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या क्यूमध्ये काम टाकायचं. रॅबिटएमक्यूसाठीची पिका लायब्ररी हेच सांगते: तिचं कनेक्शन थ्रेड-सेफ नाही, दुसऱ्या थ्रेडने त्यात थेट हात घालू नये, खास दिलेल्या एका पद्धतीने आपलं काम मालक थ्रेडकडे सोपवावं.

प्रोटोकॉलनेच उत्तरावर ओळख लावली तर मात्र एक कनेक्शन अनेकांनी वापरणं खरोखर शक्य होतं. आयमॅपमध्ये प्रत्येक आज्ञेवर टॅग असतो. एसएसएचमध्ये एका जोडणीत अनेक चॅनेल. पायथनच्या पॅरामिको लायब्ररीत त्या जोडणीचा मालक थ्रेड वेगळा असतो आणि तो आलेले बाइट ज्याच्या-त्याच्या चॅनेलला देतो. २०१५च्या एचटीटीपी २ ने हीच कल्पना वेबवर आणली, प्रत्येक विनंतीला क्रमांकित प्रवाह दिला. तरी खाली टीसीपी एकच असल्याने एक पॅकेट हरवलं की सगळे प्रवाह थांबतात. २०२१ साली प्रमाण झालेल्या क्विकने तो अडथळाही काढला. लायब्ररीने हे सगळं आत हाताळलं असेल, जीआरपीसीच्या चॅनेलसारखं, तर ते ऑब्जेक्ट निर्धास्तपणे सर्व थ्रेडना द्यावं.

भाषांची भूमिका पाहिली तर दोन टोकं दिसतात. पर्लने २००२ साली ५.८ मध्ये आणलेल्या थ्रेडमध्ये प्रत्येक थ्रेडला डेटाची वेगळी प्रत मिळते आणि सॉकेटचं ऑब्जेक्ट सामायिक करताच येत नाही; लोक डिस्क्रिप्टरचा आकडा पाठवून ते पुन्हा उघडत आणि वाटणीचे सगळे धोके मागच्या दाराने आत घेत. आज पर्लचं अधिकृत दस्तऐवजच हे थ्रेड वापरू नका म्हणतं. रस्टने प्रश्न कंपायलरकडे नेला. तिथे एक वस्तू दुसऱ्या थ्रेडकडे सोपवता येणं आणि ती दोघांनी एकदम वापरणं हे दोन वेगळे गुण आहेत. एसक्यूलाइटसाठीच्या रसक्यूलाइट लायब्ररीतल्या कनेक्शनला पहिला आहे, दुसरा नाही. चूक केली तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. या प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत पाहिलेली नाही.

पायथनमध्ये हा भार अजून लिहिणाऱ्यावर आहे, आणि तो वाढतो आहे. पेप ७०३ नुसार जीआयएलशिवाय चालणारं पायथन ३.१३ मध्ये, ऑक्टोबर २०२४ला, प्रयोग म्हणून आलं. आजवर थ्रेडच्या अदलाबदलीचा मूळ अवधी पाच मिलिसेकंदांचा असल्याने कित्येक फटी इतक्या अरुंद होत्या की त्यांत कोणी सापडत नसे. थ्रेड खरोखर समांतर धावू लागले की त्या रुंदावतात. तेव्हा जुन्या स्क्रिप्ट तिकडे नेण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी: आलेला क्रमांक तसाच परत पाठवणारा, पण प्रत्येक उत्तराला वेगवेगळा उशीर लावणारा एक छोटा सर्व्हर लिहायचा, पन्नास थ्रेडनी प्रत्येकी वेगळे क्रमांक पाठवायचे, काही विनंत्या मुद्दाम टाइमआउटने तोडायच्या, आणि परत आलेला प्रत्येक क्रमांक पाठवलेल्याशी ताडून पाहायचा. एक जरी क्रमांक जुळला नाही, तर ते कनेक्शन एकाहून जास्त हातांत आहे.